जर्मनीच्या कुशल कामगार व्हिसासाठी आयटीआयचे शिक्षण आणि कामाचा अनुभव कागदावर कसा सिद्ध करावा

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात आठ वर्षे देखभाल विभागात काम केलेल्या इलेक्ट्रिशियनच्या फायलीत बहुधा एकच अनुभवपत्र असते आणि त्यात तीन वाक्ये असतात: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कामाला होती, तिचे वर्तन समाधानकारक होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. या पत्रावर आपल्याकडे दुसरी नोकरी मिळते, कारण नवीन कंपनीचा सुपरवायझर चार प्रश्न विचारून किंवा एखादे पॅनेल उघडायला लावून माणसाचा हात ओळखतो. परदेशी शिक्षण आणि अनुभव तपासणाऱ्या जर्मनीतल्या मान्यता कार्यालयात मात्र या पत्रातून एवढेच कळते की हा माणूस आठ वर्षे कंपनीच्या फाटकातून आत जात होता. आत जाऊन त्याने काय केले, हे सांगण्याची जबाबदारी अर्जदाराची असते आणि ते सारे कागदावरच सांगावे लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि पहिल्या टप्प्यात सुमारे दहा हजार जणांना पाठवण्याचे ठरले, तेव्हापासून आयटीआय झालेल्या मुलांमध्ये जर्मनीची चौकशी बरीच वाढली आहे. कोणी अशा योजनेतून जावो वा स्वतः नोकरी शोधून, शिक्षण आणि अनुभव सिद्ध करण्याचे काम दोघांनाही चुकत नाही.

आधी मार्ग ठरवा, मग कागद गोळा करा

बहुतेक जण उलटे करतात. हाताला लागेल तो कागद साक्षांकित करून घेतात, सगळ्याचे भाषांतर करून घेतात आणि मग त्यातला निम्मा कागद निरुपयोगी ठरतो. व्यवसाय शिक्षण घेतलेल्या माणसासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मार्गांना वेगवेगळा पुरावा लागतो.

पहिला मार्ग पूर्ण मान्यतेचा. तुमचे भारतातले शिक्षण जर्मनीतल्या एखाद्या ठरावीक व्यवसायाच्या शिक्षणाशी समतुल्य आहे, असा निर्णय तिथल्या अधिकृत संस्थेकडून आधी मिळवायचा आणि त्यावर व्हिसा घ्यायचा. यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. हा मार्ग सर्वांत कष्टाचा असला तरी सर्वांत भक्कम आहे, कारण मान्यता मिळालेल्या माणसाला नोव्हेंबर २०२३ पासून, विशेष परवाना लागणारे व्यवसाय वगळता, कोणत्याही कुशल नोकरीत काम करण्याची मुभा मिळाली आहे.

दुसरा मार्ग १ मार्च २०२४ पासून खुला झाला. यात जर्मन व्यवसायाशी तुलना होत नाही. तुमचे शिक्षण भारतात शासनमान्य असावे, त्याचा कालावधी किमान दोन वर्षांचा असावा, गेल्या पाच वर्षांत त्या कामाशी संबंधित किमान दोन वर्षांचा अनुभव असावा आणि नोकरीचा पगार ठरावीक रकमेच्या वर असावा, एवढे पुरते. ही रक्कम दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती वर्षाला ४३,४७० युरो होती, आणि सामूहिक वेतन करार पाळणाऱ्या मालकाकडे नोकरी असेल तर तिच्यात सवलत मिळते. शिक्षण शासनमान्य असल्याचा दाखला बॉनमधील झेडएबी ही परदेशी शिक्षण तपासणारी संस्था देते.

तिसरा मार्ग मान्यता भागीदारीचा. यात नोकरीचा करार आणि जर्मन भाषेची ए-२ (रोजच्या साध्या संवादापुरती) पातळी हातात असेल, तर आधी तिथे जाऊन, काम करता करता मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करता येते. इथेही दोन वर्षांच्या शासनमान्य शिक्षणाची अट आहे. परवाना सुरुवातीला एक वर्षापर्यंतचा असतो आणि तो जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत वाढवता येतो.

दोन वर्षांच्या अटीकडे नीट पाहा. आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन आणि मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा आहे. म्हणजे दहा वर्षे पाइपलाइनवर वेल्डिंग केलेला, एक्स-रे तपासणीत जॉइंट पास करून दाखवणारा माणूस केवळ आयटीआयच्या आधारावर दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात बसत नाही. शिवाय जर्मनीत नुसता 'वेल्डर' असा तीन-साडेतीन वर्षांचा व्यवसाय नाही. तिथे वेल्डिंग हा धातुकाम आणि पोलादी बांधकाम यांसारख्या व्यवसायांचा भाग आहे किंवा स्वतंत्र प्रमाणपत्राचा विषय आहे. त्यामुळे वेल्डरने आपला अनुभव कटिंग, मार्किंग, ड्रॉइंग वाचणे, फॅब्रिकेशन आणि फिटिंग यांच्यासह मांडला आणि फॅब्रिकेशनशी जुळणारा व्यवसाय निवडला, तरच पहिल्या मार्गात त्याला काही वाव आहे. कुशल वेल्डरवर हा अन्यायच आहे असे माझे मत आहे, पण अर्ज मतांवर चालत नाहीत.

जुळणारा जर्मन व्यवसाय कसा निवडावा

पूर्ण मान्यतेच्या अर्जात तुमच्या शिक्षणाची तुलना एका नेमक्या जर्मन व्यवसायाशी होते आणि त्या निवडीवर पुढचे सारे अवलंबून राहते. आपल्याकडे 'इलेक्ट्रिशियन' म्हटले की घरातल्या वायरिंगपासून कारखान्यातल्या पॅनेलपर्यंत सगळे त्यात येते. जर्मनीत कारखान्यातल्या यंत्रणांचा इलेक्ट्रॉनिकर (वीजकामाच्या कारागिराचे तिथले नाव) वेगळा आणि इमारतींच्या वीज व ऊर्जा यंत्रणांचा इलेक्ट्रॉनिकर वेगळा. दोघांचे शिक्षण साडेतीन वर्षांचे, पण अभ्यासक्रम निराळे आणि तपासणारी संस्थाही निराळी. उद्योगातल्या व्यवसायांचे अर्ज बहुतांशी न्युरेंबर्गच्या आयएचके फोसा या एकाच संस्थेकडे जातात, तर कारागिरीच्या व्यवसायांचे अर्ज त्या त्या भागातल्या हांडवेर्क्सकामर या कारागीर मंडळाकडे जातात.

निवड करताना आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचे नाव बाजूला ठेवावे आणि आपण गेल्या पाच-सात वर्षांत दिवसभर काय करत होतो ते पाहावे. त्या जर्मन व्यवसायाचे प्रशिक्षण नियम इंटरनेटवर उघडपणे उपलब्ध असतात. ते भाषांतर साधनाच्या मदतीने का होईना, एकदा वाचावेत आणि प्रत्येक मुद्द्यासमोर 'रोज केले', 'कधीतरी केले' किंवा 'कधीच केले नाही' अशी खूण करावी. ही खुणांची यादी कुठेही जोडायची नाही, पण पुढे अनुभवपत्र लिहून घेताना तीच उपयोगी पडते. नेमका व्यवसाय ठरत नसेल, तर जर्मन रोजगार संस्थेचा झेडएसबीए हा विभाग परदेशात राहणाऱ्यांना फोन आणि ईमेलवर मोफत सल्ला देतो. एजंटला पैसे देण्याआधी तिथे एक ईमेल जरूर करावा.

शिक्षणाचे कागद

आयटीआय झालेल्याकडे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या किंवा वर्षांच्या गुणपत्रिका असायला हव्यात. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही जोडावे. अनेक जण हे प्रमाणपत्र आणायलाच गेलेले नसतात, कारण अप्रेंटिसशिप संपताच पगाराची नोकरी लागलेली असते. पण तो काळ प्रत्यक्ष कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा असल्याने शिक्षणाचा कालावधी मोजताना तो विचारात घेतला जाऊ शकतो, तेव्हा जुन्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात एक फेरी मारणे वाया जात नाही.

प्रमाणपत्राइतकाच, किंबहुना थोडा अधिक महत्त्वाचा कागद म्हणजे अभ्यासक्रम. प्रमाणपत्रावर व्यवसायाचे नाव आणि वर्ष असते. कोणत्या विषयाला किती तास दिले आणि कार्यशाळेत काय करून घेतले, हे फक्त अभ्यासक्रमात असते. तो प्रशिक्षण महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतो, मात्र तो तुम्ही शिकत होता त्या वर्षाचाच असावा. आयटीआयमध्ये २०१३ पासून सत्र पद्धत आली आणि २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत सुरू झाली, त्यामुळे २०११ च्या प्रमाणपत्राला आजचा अभ्यासक्रम जोडला तर गुणपत्रिकेतले विषय आणि अभ्यासक्रमातले विषय जुळणार नाहीत आणि तपासणाऱ्याच्या मनात विनाकारण शंका येईल. जुना अभ्यासक्रम मिळत नसेल तर आपल्या आयटीआयच्या प्राचार्यांकडून, विषय आणि तास नमूद केलेले पत्र संस्थेच्या शिक्क्यासह घ्यावे.

अनुभवपत्र: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

पूर्ण मान्यतेच्या प्रक्रियेत अनुभवाला एक ठरलेली भूमिका आहे. आयटीआयचे दोन वर्षांचे शिक्षण आणि जर्मनीतले साडेतीन वर्षांचे शिक्षण यांत फरक निघणारच. तो फरक तुमच्या कामाच्या अनुभवाने भरून निघतो का, हे तपासणारी संस्था पाहते. याचा अर्थ असा की आयटीआयमध्ये जे शिकवले तेच पुन्हा अनुभवपत्रात लिहून फारसा फायदा नाही. जे शिकवले नव्हते किंवा जेमतेम शिकवले होते आणि नोकरीत हाताखालून गेले, ते पत्रात यायला हवे. वर सांगितलेली खुणांची यादी इथे कामाला येते.

जर्मन अधिकाऱ्याची अपेक्षा कुठून येते हेही लक्षात घ्यावे. तिथे नोकरी सोडणाऱ्या कामगाराला, त्याने कोणते काम केले आणि कसे केले याचे सविस्तर पत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि अशी पत्रे पान-दीड पान असतात. त्या नजरेला आपले तीन वाक्यांचे पत्र अपुरेच दिसणार, आणि क्वचित संशयास्पदही.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर कंपनीचा पूर्ण पत्ता, दूरध्वनी आणि कंपनीचा ईमेल असावा. सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा सुवाच्य असावा. नुसता शिक्का आणि वाचता न येणारी सही यांचा उपयोग नाही. नोकरीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पूर्ण वेळ की अर्ध वेळ, आठवड्याचे तास आणि प्रत्येक काळातला हुद्दा स्वतंत्रपणे लिहिलेला असावा, कारण हेल्पर म्हणून लागून पुढे टेक्निशियन झालेल्या माणसाची सगळी वर्षे सारखी मोजली जात नाहीत.

कामाचे वर्णन कसे असावे, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. 'विद्युत देखभालीची सर्व कामे केली' या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीही मोजता येत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'एप्रिल २०१९ ते मार्च २०२२ या काळात प्रेस शॉपमधील ४१५ व्होल्ट थ्री-फेज मोटरच्या नियंत्रण पॅनेलची जोडणी, तपासणी आणि दुरुस्ती केली, त्यात स्टार-डेल्टा स्टार्टर आणि व्हीएफडी यांचा समावेश होता. सर्किट ड्रॉइंगवरून बिघाड शोधला. दुरुस्तीनंतर मेगरने इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि अर्थची सलगता मोजून नोंदवहीत नोंद केली. सिमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीवरील इनपुट-आउटपुट तपासून सेन्सर आणि वायरिंगचे दोष दूर केले; प्रोग्राममध्ये बदल करण्याचे काम या पदाकडे नव्हते.'

शेवटचे वाक्य पाहून अनेक जण दचकतात. आपण काय करत नव्हतो हे कशाला सांगायचे? पण हे वाक्य बाकीच्या मजकुराला विश्वासार्ह बनवते. शिवाय जर्मनीत मुलाखतीत मालक पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या, प्रोग्रामिंगबद्दल विचारणारच आहे. तिथे अडखळण्यापेक्षा हे आधीच लिहिलेले बरे.

असे पत्र एचआर विभाग स्वतःहून लिहून देत नाही. त्यांच्याकडे एक ठरलेला नमुना असतो आणि त्याबाहेर जायला ते कचरतात. यावर व्यवहार्य उपाय असा की नेहमीचे अनुभवपत्र एचआरकडून घ्यावे आणि कामाच्या तपशिलाचे दुसरे पत्र विभागप्रमुखाकडून किंवा देखभाल व्यवस्थापकाकडून, त्यांच्या हुद्द्यासह लेटरहेडवर घ्यावे. मसुदा आपणच इंग्रजीत करून न्यावा. व्यवस्थापक वाचतील, चार ठिकाणी दुरुस्ती करतील आणि सही करतील. ही विनंती नोकरीत असतानाच करावी. राजीनामा दिल्यावर आणि त्यातही व्यवस्थापक बदलल्यावर, सही करायला कोणी धजत नाही.

वेल्डरने याशिवाय आपल्या पात्रता चाचण्यांच्या नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेतील नवव्या विभागाप्रमाणे झालेल्या वेल्डिंग चाचणीची नोंद कंपनीकडे राहते आणि माणूस कंपनी सोडताना ती मागायला विसरतो. वेल्डरच्या चाचणीच्या आयएसओ ९६०६-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र असेल तर त्यावर दर सहा महिन्यांची पुष्टी झालेली आहे ना, हेही पाहावे. ती नसेल तर प्रमाणपत्र ग्राह्य राहत नाही.

ठेकेदाराच्या पटावरचा माणूस

आपल्या एमआयडीसींमध्ये ही अडचण सर्रास येते. माणूस दहा वर्षे एका मोठ्या कंपनीच्या शॉप फ्लोअरवर उभा असतो, पण पगार ठेकेदार देतो, पीएफ ठेकेदाराच्या नावाने भरला जातो आणि दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. मग तो अर्जात मोठ्या कंपनीचे नाव लिहितो, पीएफच्या पासबुकात तीन भलतीच नावे निघतात आणि खरा अनुभव खोटा वाटू लागतो.

इथे खरी परिस्थिती जशी आहे तशीच लिहावी. मालक म्हणून ठेकेदाराचे नाव आणि कामाचे ठिकाण म्हणून कंपनीचे नाव, असे प्रत्येक नोंदीत स्वतंत्र लिहावे. ठेकेदाराच्या पत्रात, 'सदर कामगार आमच्यामार्फत अमुक कंपनीच्या अमुक विभागात या काळात कार्यरत होता' हे वाक्य असावे. शक्य असेल तर कंपनीच्या विभागप्रमुखाकडून त्या कामाची पुष्टी करणारे पत्र घ्यावे. ते मिळाले नाही तर गेट पास, सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि त्या कंपनीत धोक्याच्या कामासाठी मिळालेले वर्क परमिट यांच्या प्रती जोडाव्यात. गेट पासचे जुने कार्ड कोणी जपून ठेवत नाही. यापुढे ठेवावे.

पत्रावरचा मजकूर पैशाच्या नोंदीशी जुळतो का, हेही आपणच आधी तपासावे. पीएफच्या यूएएन खात्यातला सेवा इतिहास, फॉर्म १६ आणि बँकेच्या खात्यात दरमहा जमा झालेला पगार या तीन नोंदी पत्रातल्या तारखांशी पडताळाव्यात. पीएफ नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झाला असेल, तर ते आधीच एका ओळीत स्पष्ट करावे. स्वतःचे वर्कशॉप किंवा गॅरेज चालवणाऱ्याला हे कागद नसतात. त्याने उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना, आयकर विवरणपत्रे, ग्राहकांना दिलेली बिले आणि दोन-तीन नियमित ग्राहकांची कामाचा तपशील असलेली पत्रे जोडावीत. बिलात 'सर्व्हिसिंग' एवढेच न लिहिता काय बदलले आणि काय दुरुस्त केले ते लिहायची सवय आतापासून लावावी.

नावे, भाषांतर आणि साक्षांकन

महाराष्ट्रातल्या शाळेच्या आणि परीक्षेच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि कंपनीच्या पत्रात वडिलांचे नाव गाळलेले असते. हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत हे आपल्याला सहज कळते, परक्या कार्यालयाला कळत नाही. फक्त क्रम वेगळा असेल तर अर्जासोबत एक साधा खुलासा चालतो, पण स्पेलिंग वेगळे असेल किंवा लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. अनुभवपत्र मात्र आपल्या हातात आहे. ते पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच, त्याच स्पेलिंगने करून घ्यावे.

भाषांतर जर्मनीत शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराकडून करून घेणे सर्वांत सुरक्षित. इंग्रजी कागद भाषांतराशिवाय स्वीकारले जातील का, हे त्या संस्थेला लेखी विचारावे, कारण तसे झाले तर बरेच पैसे वाचतात. मराठी कागदांना सवलत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. अॅपोस्टिलच्या, म्हणजे परदेशात चालण्यासाठी कागदावर लावल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या, नादी मात्र लागू नये. भारत या शिक्क्याच्या हेग करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने भारतापुरती हरकत नोंदवली, त्यामुळे दोन्ही देशांमध्ये अॅपोस्टिल चालत नाही. तरीही आपल्याकडची दुकाने अर्जदारांना ते बिनदिक्कत करून देतात. प्रती साक्षांकित हव्यात की स्कॅन पुरेल, आणि साक्षांकन कोणाचे चालेल, हे त्या संस्थेच्या सूचनांतून पाहावे.

अर्ज गेल्यानंतर

आयएचके फोसाचे शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते. सर्व कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असा नियम आहे. अवघड प्रकरणांत ही मुदत एकदा वाढवता येते. 'पूर्ण झाल्यापासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एक गुणपत्रिका राहिली तरी मोजणी सुरू होत नाही.

निर्णय पूर्ण समतुल्यतेचा, अंशतः समतुल्यतेचा किंवा नकाराचा असतो. आयटीआयवाल्यांनी अंशतः समतुल्यतेची तयारी ठेवावी आणि ती हार समजू नये. त्या निर्णयपत्रात कोणती कौशल्ये कमी पडतात याची नेमकी यादी असते, आणि ती यादी दाखवून पूरक प्रशिक्षण देणारा मालक शोधता येतो व त्यासाठी वेगळा व्हिसा मिळतो.

कंपनी बंद पडली, मालक वारला किंवा कागद पुरात गेले, अशा परिस्थितीत कागदांऐवजी हातानेच सिद्ध करून दाखवण्याची सोयही कायद्यात आहे. अर्जदाराचा दोष नसताना पुरावे मिळत नसतील, तर संस्था कौशल्य चाचणी घेऊ शकते. त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, कामाबद्दल तज्ज्ञांशी बोलावे लागते आणि हे सारे बहुधा जर्मनीत आणि जर्मन भाषेत होते. या चाचणीपुरता सहा महिन्यांपर्यंतचा व्हिसा मार्च २०२४ पासून मिळतो आणि त्यासाठी ए-२ पातळीचे जर्मन आवश्यक आहे. कागद का मिळत नाहीत हेही दाखवावे लागते, म्हणून बंद कंपनीला पाठवलेले आणि परत आलेले रजिस्टर पत्र पाकिटासकट जपून ठेवावे.